चिकटू न देण्याची विद्या

मूत्राशयात महिनाभर राहिलेली लघवीची नळी बाहेर काढून तिचे आतले टोक ब्लेडने उभे चिरले, तर काही वेळा आत पिवळट-पांढरा, खरखरीत थर दिसतो. बोटाला तो वाळूसारखा लागतो. लघवी नळीत शिरावी म्हणून टोकाशी दोन छोटी भोके ठेवलेली असतात. त्यांच्या कडांवर हा थर सगळ्यांत जाड असतो. काही नळ्यांत तर आरपार वाट उरलेलीच नसते. ज्याला ही नळी लावलेली असते त्याचे ओटीपोट फुगते, कळा येतात, नळीच्या बाजूने लघवी झिरपू लागते, आणि घरचे लोक रात्री-अपरात्री त्याला घेऊन दवाखाना गाठतात.

हा थर म्हणजे नुसते क्षार नव्हेत. प्रोटियस मिराबिलिस नावाचा जंतू लघवीतल्या युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो. त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यात विरघळलेले मॅग्नेशियम व कॅल्शियमचे फॉस्फेट स्फटिक होऊन खाली बसतात. जंतू, त्यांनी स्वतःभोवती सोडलेला चिकट द्रव आणि हे स्फटिक असे तिघे मिळून नळी बुजवतात. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठात डेव्हिड स्टिकलर यांनी काचेची कृत्रिम मूत्राशये तयार करून हे सगळे वर्षानुवर्षे पाहिले. नळीच्या टोकाची भोके यंत्राने पाडलेली असतात, त्यामुळे त्यांच्या कडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओबडधोबड, खाचाखोचांच्या दिसतात. पहिले जंतू नेमके त्या खाचांत जाऊन बसतात. आपल्या बोटाला जी नळी गुळगुळीत लागते, तिच्यात जंतूला लपायला दऱ्याखोरी असतात.

फ्रेडरिक फोली या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञाने १९३० च्या दशकात फुग्याची नळी तयार केली. टोकाजवळचा फुगा पाण्याने फुगवला की नळी मूत्राशयातून बाहेर सटकत नाही. इतकी साधी, इतकी उपयोगी वस्तू वैद्यकात फार थोडी असेल. लॅटेक्सच्या जोडीला सिलिकोन आले, पण मूळ घडण जवळपास तीच राहिली. तिच्याबरोबर येणारा धोकाही तसाच राहिला. नळी आत राहिल्याच्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू येण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. सापडणे म्हणजे आजार नव्हे, हे इथेच सांगायला हवे. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. पण ज्यांना होतो त्यांना ताप येतो, थंडी वाजते, आणि काहींच्या बाबतीत जंतू रक्तात उतरतात.

जी गोष्ट लघवीच्या नळीची, तीच मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनची, श्वासनळीतल्या व्हेंटिलेटरच्या नळीची, कृत्रिम खुब्याची आणि हृदयातल्या झडपेची. शरीरात परकी वस्तू गेली की तिच्या पृष्ठभागावर कोणी ना कोणी वस्तीला येतेच. कॅनडातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बिल कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हा विषय जगापुढे ठळकपणे मांडला. तोवर जंतू म्हणजे द्रवात एकेकटे पोहणारे जीव, अशीच प्रयोगशाळांची समजूत होती. कॉस्टर्टन यांचे म्हणणे असे, की निसर्गात बहुसंख्य जंतू कशाला तरी चिकटून, स्वतःच्या चिकट आवरणात वस्ती करून राहतात. आपल्या दातांवर सकाळी लागणारा बुळबुळीत थर ही त्यातलीच एक वस्ती. तिला बायोफिल्म म्हणतात. या आवरणातल्या जंतूंना मारायला कधी कधी हजार पटींपर्यंत जास्त प्रतिजैविक लागते. इतका डोस माणसाला देता येत नाही. म्हणून शेवटी डॉक्टर सांगतात, नळी काढा, खुबा काढा, पेसमेकर काढा.

मग जंतू बसण्याआधीच मारावा, असा विचार होणे साहजिक होते. नळ्यांना चांदीचा मुलामा आला, प्रतिजैविकांचा लेप आला. प्रयोगशाळेत दोन्हींचे आकडे उत्तम होते. ब्रिटनमध्ये २४ रुग्णालयांतल्या ७ हजारांहून अधिक रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली आणि २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. अल्पकाळ नळी लागणारे हे रुग्ण होते. चांदीच्या नळीमुळे औषधोपचार घ्यावा लागेल असा संसर्ग झालेल्यांचे प्रमाण १२.५ टक्के निघाले आणि साध्या टेफ्लॉन-लेपित नळीमुळे १२.६ टक्के. नायट्रोफ्युराझोन या औषधाचा लेप दिलेल्या नळीत ते १०.६ टक्के होते, पण तो फरक उपचाराच्या दृष्टीने पुरेसा नाही असे संशोधकांनीच म्हटले, शिवाय त्या नळीने जळजळही जास्त होत होती. माझ्या मते या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी टेबलावर समोर ठेवावी. तबकडीतल्या जंतूंचे आकडे आणि खाटेवरच्या माणसाचा ताप यांच्यात किती अंतर असते, ते तिथे मोजून दाखवलेले आहे.

मारण्यापेक्षा बसूच न देणे, हा दुसरा रस्ता. तो आधी दवाखान्याबाहेर, समुद्रावर शोधला गेला.

जहाज पाण्यात उतरले की काही तासांत त्याच्या तळाला जंतूंचा थर धरतो, त्यावर शेवाळ, शेवाळावर शिंपले आणि दगडासारखी कवचे असलेले बार्नकल. तळ खरबरीत होतो, जहाजाला पाणी कापायला जास्त जोर लागतो, इंधन जास्त जळते. कोकणातला मच्छीमार होडी वाळूवर ओढून तळ खरवडतो तो याचसाठी. आरमारे आणि व्यापारी कंपन्या १९६० च्या दशकापासून टीबीटी नावाचे कथिलयुक्त संयुग असलेले रंग वापरू लागल्या. उपाय जालीम होता. पण तो रंगातून झिरपून पाण्यात उतरला आणि फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातल्या कालवांची कवचे वेडीवाकडी जाड होऊ लागली, त्यांची पिल्ले वाढेनात. युरोपच्या किनाऱ्यांवरच्या गोगलगायींच्या माद्यांना नरांचे अवयव फुटू लागले. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. जगभरच्या प्रयोगशाळा बिनविषारी उपायाच्या मागे लागल्या. आपल्याकडे गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या चिकटणाऱ्या जीवांचा अभ्यास चालतो आणि अंबरनाथच्या नौदल साहित्य प्रयोगशाळेत जहाजांच्या रंगांवर काम होते.

अमेरिकी नौदलाच्या अशाच एका प्रकल्पासाठी फ्लोरिडा विद्यापीठातले मटेरियल सायन्सचे प्राध्यापक अँथनी ब्रेनन २००२ मध्ये हवाईतल्या पर्ल हार्बरला गेले होते. शेवाळाने माखलेली एक पाणबुडी बंदरात परतताना त्यांनी पाहिली. ती त्यांना देवमाशासारखी दिसली. समुद्रात सावकाश फिरणारा असा कोणता प्राणी आहे, ज्याच्या अंगावर काही चिकटत नाही, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. देवमाशाच्या अंगावर बार्नकल असतात. शार्कच्या अंगावर नसतात. ब्रेनन यांनी शार्कच्या कातडीचा ठसा घेतला आणि तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

शार्कची कातडी लांबून सपाट वाटते, पण ती बारीक दातांसारख्या खवल्यांची असते आणि प्रत्येक खवल्यावर समांतर कंगोरे असतात. खवले शंकरपाळ्याच्या आकारात एकमेकांत बसवलेले. ब्रेनन यांनी हा नमुना आणखी लहान करून सिलिकोनवर उठवला. प्रत्येक कंगोरा २ मायक्रॉन रुंद, ३ मायक्रॉन उंच, दोन कंगोऱ्यांमध्ये २ मायक्रॉनची फट, आणि लांब्या कमीजास्त, जेणेकरून शेजारी-शेजारी दोन सारखे येणार नाहीत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हे माप लक्षात यावे. हिरव्या शेवाळाच्या बीजाणूंवर पहिली चाचणी झाली तेव्हा गुळगुळीत सिलिकोनच्या तुलनेत ८५ टक्के कमी बीजाणू बसले. या पृष्ठभागात कसलेही विष नव्हते. तिथे फक्त आकार होता.

जंतूंवरचा निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस गुळगुळीत सिलिकोनवर सातव्या दिवशी वस्त्या करू लागला आणि चौदाव्या दिवशी त्याचा बायोफिल्म पक्का झाला. शार्कच्या नक्षीवर एकविसाव्या दिवसापर्यंत वस्तीची सुरुवातही दिसली नाही. असे का व्हावे? जंतूला बसण्यासाठी सोयीची जागा लागते. दोन कंगोऱ्यांमधल्या फटीत तो शिरला, तरी तिथून शेजारच्या फटीत वस्ती पसरवायची तर मध्ये भिंत येते. आकारात असमानता असल्यामुळे चिकटलेल्या पेशीवर सगळीकडून सारखा ताण येत नाही, तिला धरून ठेवायला जास्त ऊर्जा खर्ची पडते, असे ब्रेनन यांच्या गटाचे गणित आहे. ही नक्षी ‘शार्कलेट’ नावाने बाजारात आली आणि लघवीच्या नळ्यांवरही तपासली गेली.

या नक्षीवर जंतू मरत नाही, म्हणून जे औषधाला दाद देत नाहीत अशांची निवड होऊन त्यांचीच पैदास वाढत नाही. चांदीचा आणि प्रतिजैविकांचा मारा करताना ही निवड होत राहते. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या क्लेबसिएला आणि अॅसिनेटोबॅक्टर जंतूंनी आपल्या आयसीयूंत काय मांडून ठेवले आहे, हे तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना रोज दिसते. आपल्या देशासाठी हा रस्ता जास्त मोलाचा आहे असे मला वाटते ते याचमुळे.

पण शरीर म्हणजे समुद्र नव्हे. रक्तात बुडवलेल्या कोणत्याही वस्तूवर काही सेकंदांत प्रथिनांचा थर बसतो. मग जंतूला मूळ पृष्ठभाग भेटतच नाही, त्याला भेटते ती शरीराने अंथरलेली सतरंजी. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अॅना फ्लोरेस-मिरेलेस आणि स्कॉट हल्टग्रेन यांनी उंदरांच्या मूत्राशयात हा प्रकार बारकाईने पाहिला आणि २०१४ मध्ये मांडला. नळीने मूत्राशयाचे आतले अस्तर सतत खरचटते. ती जखम भरून काढायला शरीर फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन सोडते, एरवी रक्त गोठवण्याच्या कामी येते तेच. ते नळीवर जाऊन बसते, आणि एन्टेरोकॉकस जंतू नेमके तेच धरून ठेवतो. म्हणजे नळी काचेइतकी स्वच्छ असली तरी शरीर स्वतःच जंतूला हात देते. कंगोरे कितीही बारीक कोरले तरी ते प्रथिनांनी भरून गेले की नक्षीचा जोर ओसरतो.

इथे दुसरा गुरू भेटतो, तो मांसाहारी वनस्पतींत.

मेघालयात गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवर घटपर्णी उगवते. नेपेन्थिस खासियाना ही भारतात नैसर्गिकरीत्या आढळणारी या कुळातली एकमेव जात, आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. पानाच्या टोकाला लोंबणारा घट, त्याच्या तोंडाला बाहेर वळलेली चकचकीत किनार, वर झाकण. मुंगी मधुरसाच्या ओढीने किनारीवर येते आणि पाय घसरून आतल्या द्रवात पडते. ही किनार नेहमीच निसरडी असते, असा आपला समज होईल. जर्मनीतील होल्गर बोन आणि वॉल्टर फेडरले यांनी २००४ मध्ये घटपर्णीच्या दुसऱ्या एका जातीवर दाखवले, की कोरड्या हवेत मुंग्या तिच्यावरून खुशाल चालत जातात. पाऊस पडला किंवा मधुरसाने किनार ओलावली की मात्र सापळा लागतो. किनारीवरच्या सूक्ष्म पायऱ्या आणि पन्हळी पाण्याचा पातळ थर धरून ठेवतात. मुंगीच्या पायाला झाडाचा पृष्ठभाग लागतच नाही, ती पाण्यावर उभी असते.

हार्वर्डच्या जोआना आयझेनबर्ग, ताक-सिंग वाँग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याची नक्कल ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. सच्छिद्र टेफ्लॉनमध्ये त्यांनी एक फ्लोरिनयुक्त द्रव मुरवला. छिद्रे द्रवाला धरून ठेवतात आणि वर सपाट, हलता, द्रवाचाच पृष्ठभाग तयार होतो. त्याला स्लिप्स असे नाव पडले. पाणी, तेल, रक्त, सगळे त्यावरून ओघळून जाते. चरा पडला तर शेजारचा द्रव सरकून जागा भरतो. पुढच्याच वर्षी याच गटाने स्यूडोमोनास जंतू ७ दिवस ठेवून पाहिले, तेव्हा बायोफिल्म ९९.६ टक्क्यांनी कमी बसला.

मग हार्वर्डचेच डोनाल्ड इंगबर आणि आयझेनबर्ग यांच्या गटांनी वैद्यकीय नळ्यांसाठी याचे रूप बदलले. नळीच्या आतल्या बाजूला फ्लोरिनयुक्त रेणूंचा एक थर रासायनिक बंधाने पक्का जोडायचा आणि त्याच्यावर परफ्लुरोडेकॅलिनसारख्या द्रवाचा थर तरंगता ठेवायचा. २०१४ मध्ये त्यांनी डुकरांच्या रोहिणीतून नीलेत रक्त वाहून नेणाऱ्या नळीवर प्रयोग केला. हेपारिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध न देता ती नळी ८ तास गुठळीशिवाय वाहती राहिली. डायलिसिसच्या यंत्राला ज्यांच्या घरचे माणूस आठवड्यातून दोन-तीनदा लावले जाते, त्यांना हेपारिनचे महत्त्व आणि त्यातून होणाऱ्या रक्तस्रावाची भीती वेगळी सांगायला नको. याच गटाने या पृष्ठभागावर पालही सोडून पाहिली. छताला उलटी चालणारी पाल, तिचाही पाय तिथे ठरला नाही.

लघवीच्या नळीवरचा प्रयोग २०२२ मध्ये आला. फ्लोरेस-मिरेलेस तोवर नोत्र दाम विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा चालवत होत्या आणि मेन विद्यापीठातल्या केटलिन हॉवेल यांच्याबरोबर त्यांनी सिलिकोनच्या नळीतच सिलिकोन तेल मुरवले. महागडे फ्लोरिन नाही, अवघड रसायन नाही. उंदरांमध्ये या नळीवर फायब्रिनोजेन कमी बसले, आणि ते कमी बसले म्हणून वेगवेगळ्या जंतूंच्या आणि कॅन्डिडा बुरशीच्या वस्त्याही कमी झाल्या. जंतूच्या मागे न लागता त्याच्या पायाखालची सतरंजी काढून घेणारा हा प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत आश्वासक वाटतो. दोषही आहेत. तेल हळूहळू निघून जाते; ते किती दिवस टिकेल आणि शरीरात कुठे जाईल, हे माणसांत महिनोन्महिने तपासावे लागेल. फ्लोरिनयुक्त द्रवांच्या कुळातली काही रसायने निसर्गात वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत. टीबीटीचा धडा शिकलेल्या जगाने तेही विसरू नये.

सिकाडा या किड्याच्या पंखाचा मार्ग वेगळाच. मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठात एलेना इव्हानोव्हा यांच्या गटाला २०१२ मध्ये दिसले, की पंखावर सुमारे २०० नॅनोमीटर उंचीचे खुंट ओळीने उभे आहेत, आणि त्यावर येऊन बसलेल्या स्यूडोमोनासची त्वचा ताणून काही मिनिटांत फाटते. औषधाशिवाय, निव्वळ आकाराने मृत्यू. पण जाड भिंतीचे जंतू या पंखावर तगतात, आणि मेलेल्यांचा खच पंखावरच साचतो. मग नव्याने येणारा त्यांच्या प्रेतांवर बसतो. चतुराच्या पंखावर जाड भिंतीचे जंतूही मरतात असे पुढे दिसले, तरी नळीच्या आत असे खुंट उभे करणे आणि ते टिकवणे हे मोठे काम आहे.

निसर्गाकडून घेतलेली जी कल्पना खरोखर माणसाच्या शरीरात पोहोचली, ती शार्कची नव्हे, पानाची नव्हे. ती आपल्याच रक्तपेशीची आहे. तांबड्या पेशी एकमेकींना आणि रक्तवाहिनीला घासत जन्मभर फिरतात, पण चिकटत नाहीत. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर फॉस्फोरिलकोलिन नावाचे रेणू असतात. त्यांच्यावर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात, आणि ते आपल्याभोवती पाणी घट्ट धरून ठेवतात. प्रथिनाला पाण्याचा तो थर बाजूला सारून बसणे परवडत नाही. जपानमध्ये काझुहिको इशिहारा आणि नोरिओ नाकाबायाशी यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा रेणू बसवलेले एमपीसी पॉलिमर शुद्ध स्वरूपात तयार करण्याची रीत बसवली. आज ते इव्हाहार्ट या जपानी हृदय-पंपाच्या आतल्या बाजूला आहे आणि जपानमध्ये २०११ पासून मिळणाऱ्या कृत्रिम खुब्याच्या एका वाटीवर आहे. शोधापासून खुब्यापर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ गेला. शार्कच्या नक्षीकडून किंवा घटपर्णीकडून घाईने चमत्काराची अपेक्षा करणाऱ्यांनी हा काळ ध्यानात ठेवावा.

वेळ का लागतो, हेही समजून घ्यायला हवे. नळी शेकड्याने विकली जाते आणि वापरून फेकली जाते. २ मायक्रॉनची नक्षी काही चौरस सेंटिमीटरवर उठवणे वेगळे आणि मीटर-मीटरच्या नळीवर, आतून-बाहेरून, दिवसाला हजारोंनी उठवणे वेगळे. मग ती इथिलीन ऑक्साइडच्या वायूने किंवा किरणांनी निर्जंतुक झाली पाहिजे, गोदामात दोन-तीन वर्षे राहिली तरी गुण टिकले पाहिजेत, आणि सरकारी रुग्णालयाच्या निविदेत ती साध्या नळीच्या शेजारी किमतीत उभी राहिली पाहिजे. यातला शेवटचा अडथळा मला सगळ्यांत मोठा वाटतो. जिथे रुग्ण जास्त, सिस्टर कमी आणि नळी जास्त दिवस राहते, तिथेच तिची खरी गरज आहे, आणि तिथेच ती सगळ्यांत शेवटी पोहोचेल. खरेदी करणाऱ्यांनी मोजताना नळीची किंमत न मोजता संसर्गाच्या उपचाराची किंमत मोजावी. आणि विकणाऱ्यांकडे एकच पुरावा मागावा. किती जंतू कमी चिकटले, हे विचारू नये. किती रुग्णांना ताप आला नाही, हे विचारावे.

तोवर हातात काय आहे? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंत पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी सेंट्रल लाइनसाठी पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला. हात धुणे, लाइन घालताना पूर्ण निर्जंतुक कपडे आणि चादरी वापरणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, आणि लाइनची गरज संपली की ती काढणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षात रक्तातले संसर्ग सुमारे ६६ टक्क्यांनी घटले. नळ्या जुन्याच होत्या. शार्कची कातडी त्यांना लागली नाही.

म्हणून वाचकांना एक सांगणे. तुमच्या घरचे कोणी रुग्णालयात असेल आणि त्याला लघवीची नळी लावलेली असेल, तर रोज सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारा, ‘डॉक्टर, ही नळी अजून लागते का?’ यात त्यांचा अपमान नाही. कामाच्या रगाड्यात राहून गेलेली नळी या प्रश्नाने एक दिवस आधी निघते. नळी स्वतः ओढू नका, आत फुगा असतो. पिशवी कमरेच्या खाली राहील पण जमिनीला टेकणार नाही अशी अडकवा, नळीला पीळ पडू देऊ नका, आणि हात लावण्याआधी व नंतर ते साबणाने धुवा.